जुन्या गाडीचा मागचा डिफरन्शियल बदलताय? या चुका टाळा

अँबॅसिडर, पद्मिनी, कन्टेसा, महिंद्राची जुनी जीप. कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत या गाड्या अजून जिव्हाळ्याने सांभाळल्या जातात. इंजिनावर, रंगावर, सीट कव्हरवर खर्च करताना मालक मागेपुढे बघत नाही. डिफरन्शियलची, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या गोळ्याची, वेळ आली की मात्र "अँबॅसिडरचा जुना क्राऊन मिळंल काय?" एवढ्या एका प्रश्नावर सौदा उरकला जातो. क्राऊन म्हणजे त्यातलं मोठं गिअर, आणि त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन.

हा प्रश्न अपुरा आहे. अँबॅसिडर १९५८ पासून २०१४ पर्यंत बनत होती. एवढ्या काळात तिच्यात पेट्रोल, डिझेल अशी वेगवेगळी इंजिनं आली. जीपची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. शिवाय तीस-चाळीस वर्षांत मधल्या एखाद्या मालकाने खाली दुसऱ्याच गाडीचा एक्सल (डिफरन्शियलसकट चाकांना जोडणारा अख्खा आडवा भाग) बसवला असेल, तर ते आरसी बुकात सापडणार नाही. तेव्हा गाडीचं नाव बाजूला ठेवा आणि खाली शिरून स्वतः मोजा.

आवाज आला की क्राऊन गेला, हा घाईचा निकाल

मागून आवाज येतो आणि थेट डिफरन्शियल उतरवला जातो. ही सगळ्यांत महागाची चूक. आवाज कधी येतो, हे आधी नीट ऐका. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर बारीक शिट्टीसारखा सूर येतो आणि पाय काढला की जातो, किंवा नेमकं उलटं होतं, तर संशय क्राऊन-पिनियनच्या दात्यांवर. पाय कसाही ठेवला तरी घरघर तशीच राहते आणि वेगाबरोबर वाढते, तर बेअरिंग बघा. फक्त वळणावर कुरकुर होत असेल, तर आतले छोटे स्टार गिअर आणि त्यांचे वॉशर, नाहीतर चाकाचं बेअरिंग. गाडी जागेवरून काढताना किंवा गिअर टाकताना 'टक्' असा एकच ठोका बसत असेल, तर सर्वांत आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, हलवून बघा. क्रॉस डिफरन्शियलच्या मानाने किरकोळ किमतीत येतो. जीपच्या खरखरीत टायरचा गुंजारवही पुष्कळदा क्राऊनच्या माथी मारला जातो. तो ओळखणं सोपं आहे: गुळगुळीत डांबरावरून खडबडीत रस्त्यावर गेलं की टायरचा आवाज बदलतो, गिअरचा बदलत नाही.

रेशो मोजताना होणारी गफलत

रेशो म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागलं की तो मिळतो. ३९ ला ८ म्हणजे ४.८७५, ४३ ला १० म्हणजे ४.३. डिफरन्शियल उघडा असेल तर दाते मोजण्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. काही हाऊसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) बोल्टखाली छोटी पट्टी असते, तिच्यावर आकडा असतो. पण आतली जोडी बदलली आणि पट्टी तशीच राहिली, असंही होतं. पट्टीला पुरावा मानू नका.

न उघडता मोजायचं असेल तर मागचं एकच चाक उचला, जॅकच्या भरवशावर न राहता खाली स्टँड लावा. जमिनीवरच्या सगळ्या चाकांना अटक लावा, गाडी न्यूट्रल करा आणि हँडब्रेक सोडा. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांना नसून ट्रान्स्फर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीमागच्या) ड्रमवर असतो. तो ओढलेला राहिला तर शाफ्ट फिरणारच नाही. फोर व्हील गिअर (चारही चाकांना ताकद देणारा) पडलेला नाही, हेही बघा.

आता इथे बहुतेकजण फसतात. उचललेलं चाक एक फेरा फिरवतात, शाफ्टचे फेरे मोजतात आणि अडीचच्या आसपास आकडा आला की चक्रावतात. एक चाक थांबलेलं असताना डिफरन्शियल दुसऱ्या चाकाचा अर्धाच फेरा क्राऊनला देतो, म्हणून आकडा निम्मा येतो. चाक दोन फेरे फिरवा. माझं ऐकाल तर सरळ २० फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूने खूण करून मोजा. शाफ्टचे ४३ फेरे झाले तर रेशो ४.३, पावणेएकोणपन्नास झाले तर ४.८७५, पावणेचोपन्न झाले तर ५.३७५. दोनच फेऱ्यांत पाव फेऱ्याची चूक झाली तरी निष्कर्ष चुकतो, वीस फेऱ्यांत ती पचते.

जीपवाल्यांनी हे मोजमाप पुढच्या एक्सलचंही करायचं. युद्धकाळातल्या विलीज एमबीला ४.८८ रेशो होता, नंतरच्या सीजे-३बीला ५.३८. बाहेरून दोन्ही सारख्याच वाटतात. पुढचा रेशो एक आणि मागचा दुसरा अशा गाडीने कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकलं की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केसचा जीव जातो.

रेशो जुळला, एक्सल बसेना

रेशो बरोबर म्हणून आणलेला एक्सल परत न्यावा लागतो, तो मापांमुळे. ड्रमपासून ड्रमपर्यंतची रुंदी, स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकींमधलं अंतर, एक्सल शाफ्टच्या स्प्लाइनची (टोकावरच्या खाचांची) संख्या, चाकाच्या बोल्टचं वर्तुळ, पिनियनच्या फ्लँजची (शाफ्ट जोडायच्या चकतीची) भोकं, हे सगळं कागदावर लिहूनच बाहेर पडा. विलीजच्या घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये मागच्या हाऊसिंगचा फुगा (डिफरन्शियल बसतो तो गोल भाग) मध्यावर नसून उजवीकडे असतो, कारण ट्रान्स्फर केसमधून शाफ्ट त्याच बाजूने निघतो. तिथे मध्यावर फुगा असलेला एक्सल लावला तर शाफ्ट तिरका धावतो आणि क्रॉस लवकर जातात.

क्राऊन एका गाडीचा आणि पिनियन दुसऱ्या गाडीचा, हा जुगाड करूच नका. दोन्ही कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी म्हणूनच तयार होतात, आणि बहुधा दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. तो जुळत नसेल तर दात कितीही चकचकीत दिसोत, माल परत द्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कसबी टर्नर आहेत. हाऊसिंगची बैठक सरळ करायची, फ्लँज दुरुस्त करायचा, तर ती कामं तिथे उत्तम होतात. पण झिजलेल्या दात्याला लेथवर पुन्हा आकार देता येत नाही.

माझं स्पष्ट मत असं की तुमची मूळ जोडी तुटलेली नसेल, दात्यांवर खड्डे नसतील, तर नवी बेअरिंगं आणि नवे सील घालून तीच बसवावी. अनोळखी गाडीतल्या जोडीपेक्षा ती कधीही बरी. बसवताना शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) अंदाजाने घालू देऊ नका. दात्यांना रंग लावून ठसा बघायला सांगा. तो दात्याच्या मध्यावर हवा, टोकाला किंवा कडेला नको. बॅकलॅश (दोन गिअरच्या दात्यांमधली मोकळीक) डायल गेजने मोजायचा आणि तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायचा. हाताने हलवून 'ठीक हाय' म्हणणारा मिस्त्री कितीही अनुभवी असो, गेज आणायला लावा. पिनियनवर दाबली जाणारी स्लीव्ह असेल तर ती दर वेळी नवीच लागते.

घाट की हायवे?

रेशो बदलायचाच असेल तर गाडी कुठे फिरते ते ठरवा. चाकाचा घेर दोन मीटर धरला तर किलोमीटरला ५०० फेरे होतात. थेट टॉप गिअरमध्ये (इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात तेव्हा) ताशी ८० ला इंजिन ४.८७५ वर ३२५० आरपीएम फिरतं, ४.३ वर साधारण २८७०. पुण्याला वारंवार जाणाऱ्याला हा फरक कानाला आणि पेट्रोलला जाणवतो. पण तीच गाडी माणसं भरून गगनबावड्याच्या घाटात किंवा फोंडा घाटात चढवायची असेल, तर ४.३ वर खालचा गिअर लवकर टाकावा लागेल, क्लच जास्त झिजेल. छोट्या, थकलेल्या इंजिनाला कमी आकड्याचा रेशो देऊ नये.

आणि स्पीडोमीटर विसरू नका. त्याची केबल गिअरबॉक्सवरून निघत असेल, तर ४.८७५ चा ४.३ केल्यावर काटा ६० दाखवताना गाडी ६८ ने पळत असते.

पुराचं पाणी आणि ऑईल

२०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापुरातल्या किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या, हे आपण पाहिलं आहे. जुना एक्सल विकत घेताना फिलर प्लग उघडून ऑईल बोटावर घ्या. दुधट दिसलं तर पाणी गेलेलं आहे, बेअरिंगवर गंज धरा. गरम हाऊसिंग पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सील व ब्रीदरमधून (हवा जाण्यायेण्याच्या छोट्या तोंडातून) पाणी ओढलं जातं. म्हणून स्वतःच्या गाडीचा ब्रीदर चिखलाने बुजलेला नाही ना, तेही पाहा. तो बुजला की आतला दाब सीलमधून ऑईल बाहेर ढकलतो, आणि सील पुन्हा पुन्हा बदलूनही गळती थांबत नाही.

हायपॉइड जोडीला (जिच्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपासून सरकून बसतो) जीएल-५ दर्जाचं गिअर ऑईल हवं. उरलेलं तेच ऑईल जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतू नका. तिथल्या पितळी भागांना ते बाधू शकतं. मॅन्युअल सांगेल तेच घाला.

नवी जोडी बसवल्यावर पहिली फेरी पंधरा-वीस मिनिटांची, हलक्या पायाने. मग थांबून हाऊसिंग पूर्ण गार होऊ द्या. पहिले सातशे-आठशे किलोमीटर ओझं आणि घाट टाळा. त्यानंतर ऑईल बदला आणि काढलेलं ऑईल पांढऱ्या कापडावर बघा. बारीक राखाडी चमक चालते. नखावर टोचेल असा कण सापडला तर गाडी तिथेच थांबवून हाऊसिंग पुन्हा उघडा.