जुनं लिंबाचं लोणचं: टाकण्याआधी आणि खाण्याआधी या चुका टाळा

बरणीचा दादरा सोडला, आत काकवीसारखा काळसर खार आणि फोडींवर पांढरे कण दिसले, की बुरशी आली असं समजून बरणी रिकामी केली जाते. मीही सासूबाईंची सात वर्षं मुरलेली बरणी अशीच घालवली. त्याची हळहळ अजून आहे, कारण ती बुरशी नव्हती, मीठ होतं.

कण चिमटीत धरून बघा. मिठाचा कण कचकचतो आणि कोमट पाण्यात टाकला की विरघळून जातो. बुरशी कापसासारखी असते, बोटांत धरली की चेपते, वास कुबट येतो. रंगाला तर अजिबात घाबरू नका. लिंबातलं क जीवनसत्त्व हळूहळू विघटित होतं, त्यानेही खार गडद होत जातो. साल बोटांनी दाबताच लोण्यासारखी तुटली, की लोणचं खरं मुरलं.

उलटी चूक मात्र घातक आहे: वरची बुरशी चमच्याने काढून खालचं खाणं. डोळ्यांना दिसतो तो फक्त वरचा थर, तंतू खाली उतरलेले असतात. शिवाय काही बुरश्या आम्ल खातात, त्यामुळे लोणच्याचा आंबटपणाच कमी होतो. जीव हळहळला तरी अशी बरणी सगळी टाका.

बुरशी येते मुळात मीठ कमी पडल्यामुळे. लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 2 ते 2.5 असतो आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू 4.6 च्या खाली वाढत नाहीत, एवढं खरं. पण बुरशीला आणि यीस्टला आंबट चालतं, त्यांना रोखतं ते मीठ. किलोभर लिंबांना 200 ते 250 ग्रॅम मीठ लागतंच. कमी मिठाचं हवं असेल तर जरूर करा, पण ते फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. वर्षानुवर्षं टिकण्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नका.

दुसरं कारण म्हणजे खाराच्या वर उघड्या राहिलेल्या फोडी. पहिले पंधरा दिवस बरणी रोज हलवा. खार कमी वाटला तर ताज्या लिंबांचा रस मीठ घालून ओता, पाणी कधीही नको. ओला चमचा नको, हे तर घरोघरी माहीत असतं.

झाकण धातूचं असेल तर आंबट-खारटाने ते गंजतं. जुन्या चिनी मातीच्या बरणीला आतून तडे गेले असतील, तर तिच्यात लोणचं ठेवू नका. जुन्या लुकणात, म्हणजे बरणीवरच्या चकचकीत लेपात, शिसं असू शकतं आणि आम्लात ते उतरतं. काचेची बरणी सगळ्यात निर्धास्त.

आणि हा हिशेब कैरीच्या तेलातल्या लोणच्याला लावू नका. तिथे बुरशी नसली तरी तेल खवट होतं, म्हणून आधी वास घ्या.

तापातून उठलेल्या माणसाला मऊ भातासोबत नखाएवढी फोड पुरते. ब्लड प्रेशर असेल तर तीही डॉक्टरांना विचारून.