सॉफ्ट शॅकल ताणाने नाही, धारदार कडेने तुटते: या चुका टाळा

मुळशीकडे एका पावसात भातखाचराच्या कडेला आमची थार पार डिफरेन्शियलपर्यंत रुतली. मागच्या गाडीने विंच (दोरी गुंडाळत ओढणारं यंत्र) लावलं, आणि नवी कोरी सॉफ्ट शॅकल, म्हणजे लोखंडी शॅकलऐवजी वापरतात ती दोरीची कडी, पहिल्याच ओढीत तुटली. टोक हातात घेतलं तर विळीवर चिरल्यासारखं साफ. दोष दोरीचा नव्हता. बंपरच्या रिकव्हरी पॉइंटची, म्हणजे गाडी ओढायला शॅकल अडकवतात त्या जागेची, प्लेट लेझरने कापलेली होती आणि भोकाची कड तशीच धारदार राहिली होती. लोखंडी शॅकलच्या पिनेला अशा कडेचं काही वाटत नाही, दोरीला मात्र वाटतं. शॅकल लावण्याआधी भोकातून बोट फिरवा. खुपलं तर कानस घ्या, कड गोल करा, वर पॉलिश पेपर फिरवा आणि रंगाचा हात मारा, कारण गंजसुद्धा दोरी खरवडतो. नुसता रंग लावून भागत नाही. त्याने कड दिसेनाशी होते, जात नाही.

दुसरी चूक शॅकलचीच पुली करण्याची. ही शॅकल डायनीमासारख्या धाग्याची असते. वजनाच्या मानाने तो धागा पोलादाहून मजबूत असतो, पण साधारण 145 अंशांना वितळतो. चालती विंच रोप थेट शॅकलमधून ओवली तर घर्षणाची उष्णता तेवढं काम सहज करते. दिशा बदलायची असेल तर मध्ये रिकव्हरी रिंग (रोप वळवणारं गुळगुळीत धातूचं कडं) किंवा स्नॅच ब्लॉक (उघडता येणारी पुली) हवाच. शॅकलने त्याला धरून ठेवायचं, बस. सायलेन्सरपासूनही तिला लांब ठेवा.

आकड्यांत तर जुने लोकही फसतात. लोखंडी शॅकलवर 4.75 टन कोरलेलं असतं तो कामाचा भार, तुटण्याचा आकडा त्याच्या कितीतरी पट. सॉफ्ट शॅकलच्या पाकिटावरचा मोठा आकडा बहुतेकदा तुटण्याचाच असतो. दोन्ही शेजारी ठेवून ‘ही तिप्पट मजबूत’ म्हणणं चूक.

शॅकलच्या एका टोकाला गाठ असते, दुसऱ्याला फास. लावताना फास गाठीच्या मागे घट्ट ओढून घ्या. सैल राहिला तर ताण येण्याआधीच सुटतो. गाठ भोकाच्या कडेवर टेकू देऊ नका, ती मोकळ्या बाजूला हवी.

ओढून झाल्यावर फास निघत नाही, ही नेहमीची तक्रार. स्क्रू-ड्रायव्हर खुपसू नका, धागे तुटतात. गाठीजवळची दोरी दोन्ही हातांनी आत ढकलून फुगवा, फास सैल पडतो. चिखल वाळला असेल तर आधी बादलीत भिजवून चुरा. ट्रिपनंतरही गोड्या पाण्यात असंच धुवा आणि सावलीत वाळवा. मुरमाची कच आत राहिली तर धागे आतून कापत बसते. कोकणातल्या किनाऱ्यावरून आलात तर हे त्याच दिवशी करा.

शॅकलच्या अंगावर थोडी लव आली तर घाबरू नका. कडक, चकचकीत डाग दिसला तर तिथे दोरी वाकवून बघा. दाबामुळे झालेला कडकपणा मोडतो. वितळलेला मोडत नाही, आणि मग ती शॅकल बाद. बाद झालेली कापूनच टाका, नाहीतर पुढच्या ट्रिपला कुणीतरी ‘अरे, ही आहे की एक’ म्हणून तीच बाहेर काढतो.