अमेरिकेतल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये फुकट मुक्काम कसा करावा

ग्रँड कॅन्यनचा बेत ठरला की फिनिक्समधली आपली मंडळी दोनपैकी एक गोष्ट करतात. सहा महिने आधी पार्कातल्या मॅदर कॅम्पग्राउंडच्या बुकिंगसाठी सकाळी कॉम्प्युटरसमोर ठाण मांडतात, नाहीतर टुसायान गावात हॉटेलवाला मागेल तेवढे मोजतात. टुसायानच्या आजूबाजूला मात्र कैबाब नॅशनल फॉरेस्ट पसरलेलं आहे, पार्काच्या दक्षिण दारापासून गाडीने जेमतेम दहा-पंधरा मिनिटांवर. तिथे पाँडेरोसा पाइनखाली टेंट टाका, कुणी एक डॉलर मागत नाही. बुकिंग नाही, परमिट नाही. नळ, संडास, बाकडं, कचऱ्याचा डबा यातलंही काही नाही. याला इथे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात आणि मी ते बारा-तेरा वर्षं करतोय.

पार्क आणि फॉरेस्ट यांत गल्लत करू नका. पार्काच्या हद्दीत ठरवून दिलेल्या जागेबाहेर टेंट लावला तर रेंजर उठवेल आणि दंडही करेल. नॅशनल फॉरेस्ट सांभाळते फॉरेस्ट सर्व्हिस, आणि ती इथे चक्क शेतकी खात्याखाली येते. तिच्याकडे अशी १५४ जंगलं आहेत. बहुतेकांत मुक्काम फुकट, पण नियम ज्याचे त्याचे. कैबाबमध्ये ३० दिवसांत जास्तीत जास्त १४ दिवस राहता येतं. पार्कात शिरायचे पैसे अर्थात वेगळे.

सामानाची यादी देत नाही. ज्याने सह्याद्रीत दोन पावसाळे काढलेत त्याला ती नको, आणि ज्याने नाही काढले त्याने आधी पैसे भरून कॅम्पग्राउंडवर एक रात्र झोपून बघावं. दोनच गोष्टी सांगतो. ही जागा सात हजार फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे फिनिक्समध्ये अंगाची लाही होत असली तरी रात्री इथे स्वेटर लागतो. आणि पाणी माणशी दिवसाला एक गॅलन घरून न्यायचं. ओढा, झरा काही मिळत नाही. नकाशावर जागोजागी ‘टँक’ लिहिलेलं दिसेल, पण ती टाकी नसते. ते गुरांसाठी बांध घालून केलेलं मातीचं तळं असतं आणि त्यातलं पाणी आपल्यासाठी नाही. उलट अशा पाणवठ्याच्या पाव मैलाच्या आत मुक्काम करायला ॲरिझोनात कायद्यानेच बंदी आहे, कारण माणूस बसला की जनावरं पाण्यावर येत नाहीत.

आता खरी गोष्ट.

जागा शोधणं

‘नॅशनल फॉरेस्ट आहे ना, मग कुठेही लाव टेंट’ असं सांगणारे फार भेटतात. हे सांगणारा एकतर जीपवाला असतो किंवा कधी गेलेलाच नसतो. टेंट कुणालाही लावता येतो. डांबर सोडल्यानंतरचे शेवटचे दोन मैल मात्र भल्याभल्यांना आडवे येतात. हरिश्चंद्रगडाला जाताना वाट चुकली तर पाचनईत कुणी तरी मामा भेटतोच. तो हातातलं काम टाकून दोन वळणं सोबत येतो, वर चहाही पाजतो. कैबाबमध्ये मामा नाही. चार तासांत एक पिकअप दिसला तर दिसला, फोनला रेंज नसते. तिथे मामाचं काम नकाशाला करावं लागतं, आणि नकाशा काय सांगतो, काय सांगत नाही, हे न कळल्याने मी एकदा सपाटून मार खाल्लाय.

ऑक्टोबर महिना होता. मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको, चौघं माझ्या सेदानमध्ये. शुक्रवारी ऑफिस आटोपून निघालो, जेवायला थांबलो, हायवे सोडला तेव्हा रात्रीचे साडेआठ झालेले. एका ॲपवर कुणीतरी टाकलेली पिन माझ्या फोनमध्ये होती. खाली शेरा होता, ‘सुंदर जागा, कुठलीही गाडी चालेल.’ दुपारी तिथे पाऊस पडून गेला होता हे आम्हाला ठाऊक नव्हतं. हेडलाइटमध्ये पुढचं डबकं बशीएवढं खोल दिसलं. पुढची चाकं त्यात गेली आणि गेलीच. उतरून ढकलायला गेलो तर बुटाला चिखलाचा भाकरीएवढा जाड थर, एक झटकला की दुसरा. चाक फिरवलं की आणखी खाली. शेवटी चौघं तिरक्या गाडीत बसून राहिलो. मध्यरात्री एल्क, म्हणजे इथलं सांबरासारखं थोरलं हरीण, ओरडायला लागला. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा करकरत उघडावा तसा आवाज, आणि शेवटी शीळ. मेहुण्याच्या बायकोने मग पहाटेपर्यंत डोळा लावला नाही.

सकाळी मी दीड मैल चालत डांबरापर्यंत आलो तेव्हा रेंज मिळाली. पहिल्या दोन टो ट्रकवाल्यांनी ‘आम्ही कच्च्या रस्त्यावर येत नाही’ म्हणून फोन ठेवला. तिसरा दुपारी आला आणि ५८० डॉलर घेऊन गेला. विम्यातली रोडसाइड मदत कच्च्या रस्त्याला लागू नव्हती, हे पॉलिसी वाचल्यावर कळलं. वर आणखी एक. घरी येऊन सरकारी नकाशा उघडला तर तो रस्ता त्यावर नव्हताच. म्हणजे तो गाड्यांना बंद होता. बंद रस्त्यावर मी ५८० डॉलर खर्चून मुक्काम केला होता.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे.

पहिलं, घरीच मोटार व्हेइकल यूज मॅप, म्हणजे वर म्हटलेला तो सरकारी नकाशा, उतरवून घ्या. प्रत्येक जंगलाचा, बहुधा त्यातल्या प्रत्येक विभागाचा, वेगळा असतो. फॉरेस्ट सर्व्हिसच्या साइटवर फुकट मिळतो, रेंजर स्टेशनवर कागदीही फुकट. दिसायला अगदी भिकार. काळापांढरा, डोंगर नाही, चढउतार नाही, नुसत्या रेघा आणि आकडे. पण कायदा तोच. जो रस्ता त्यावर नाही तो गाडीला बंद, मग समोर कितीही ठसठशीत चाकोरी दिसो. अव्हेन्झा नावाच्या ॲपमध्ये हा नकाशा टाकला की रेंज नसतानाही तुम्ही कुठे आहात तो ठिपका दिसतो. गूगलवर विसंबू नका. त्याला जंगलातली बैलगाडीची वाटही शॉर्टकट वाटते.

दुसरं, रस्त्याच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपक्यांची रांग आहे का ते पाहा. ठिपके असतील तर त्या रस्त्यावरून ठरावीक अंतरापर्यंत गाडी आत नेऊन मुक्काम करता येतो. किती अंतर ते नकाशाच्या कडेला लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी ३०० फूट. ठिपके नसतील तर गाडी रस्त्यालगतच लावायची आणि टेंट खांद्यावर टाकून आत चालत जायचं. तेही फुकटच आहे, आणि खरं सांगायचं तर शांतता त्यातच जास्त. त्याच नकाशावर एक तक्ता असतो, कुठला रस्ता कुठल्या तारखांना उघडा. लोक तो वाचत नाहीत.

तिसरं, आणि इथेच माझी फसगत झाली असती, नकाशा हाती असता तरीही. तो नकाशा फक्त ‘परवानगी आहे’ एवढंच सांगतो. तुमची गाडी जाईल का, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. ‘हायवेवर चालणाऱ्या गाड्यांना खुला’ असं त्यावर लिहिलेलं वाचून मी कोरोलावाल्यांना निर्धास्त आत शिरताना पाहिलंय. ते वाक्य नंबरप्लेटबद्दल आहे, खड्ड्यांबद्दल नाही. रस्ता कसा आहे ते फाट्यावरची पाटी सांगते. आकडा आडवा लिहिलेला असेल तर तो साध्या गाडीचा रस्ता. तपकिरी उभी पट्टी आणि त्यावर आकडे एकाखाली एक असतील तर तो जमिनीपासून पोट उंच असलेल्या गाडीचा रस्ता, सेदानने त्या वाटेला जाऊ नये. त्या रात्री आमच्या फाट्यावर कुठलीच पाटी नव्हती. तेवढ्यावरूनच मागे फिरायला हवं होतं.

आकड्यापुढे अक्षर असेल, जसं ६०५एम, तर तो मुख्य रस्त्याचा पोटरस्ता. मुक्कामाच्या चांगल्या जागा अशाच पोटरस्त्यांच्या सुरुवातीला असतात. टुसायानच्या दक्षिणेला पूर्वेकडे जाणारा ३०२ नंबरचा रस्ता आणि त्याचे फाटे नवख्यांसाठी बरे. आदल्या रात्री सॅटेलाइट चित्रावर तिथले रस्ते बघून ठेवा. रस्त्याच्या कडेला फिकट, उघडे, गोलसर पट्टे दिसतात. तिथे आधी लोक राहून गेलेले असतात. राहायचं ते अशाच वापरलेल्या जागी. नवीन गवत तुडवून जागा करू नका.

चौथं, सकाळी रेंजर स्टेशनला फोन करा आणि थेट विचारा, ‘माझी सेदान आहे, अमुक नंबरचा रस्ता आज कसा आहे? काल पाऊस होता का?’ एवढं विचारलं की ते मोकळेपणाने सांगतात. ‘कॅम्पिंगला कुठली जागा चांगली?’ असं मोघम विचारलंत तर पैसे भरायच्या कॅम्पग्राउंडचं नाव सांगतील. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत इथे दुपारी वळिवासारख्या सरी येतात. कोरडा असताना हाच रस्ता दगडासारखा टणक असतो, आणि एका सरीत त्याचा लोण्याचा गोळा होतो.

पाचवं, फाट्यावर गाडी थांबवा आणि उतरून चाला. दोनशे पावलं. मला हसणारे पुष्कळ आहेत, पण त्यातल्या दोघांना मी स्वतः फावडं घेऊन बाहेर काढलंय. चालताना तीन गोष्टी बघायच्या. गाडी वळवायला जागा आहे का? नसेल तर परत यायचं ते रिव्हर्समध्ये. दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा किती? मी वीत उभी धरून बघतो. अर्ध्या वितेच्या वर गेला तर माझी गाडी तिथे जात नाही, ऑइल चेंबर घासतं. आणि ओली जागा दिसली तर काठी खुपसायची. काठी सहज आत गेली तर तिथूनच मागे. गाडी भाड्याची असेल तर हा सगळा खटाटोपच करू नका. बहुतेक करारांत कच्चा रस्ता वर्ज्य असतो. डांबराजवळ गाडी लावा आणि चालत आत जा.

सहावं म्हणजे वेळ, आणि याला माझ्याकडे अपवाद नाही. सूर्यास्ताच्या तीन तास आधी हायवे सोडलेला असला पाहिजे. ऑक्टोबरच्या मध्यात इथे सहाच्या आत सूर्य बुडतो. कॅलिफोर्निया किंवा युटाहून येणारे इथे घड्याळात हमखास चुकतात, कारण ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. उशीर झाला तर सरळ हॉटेल घ्या. ५८० डॉलरपेक्षा स्वस्तच पडेल.

बाकी सोपं

टेंट लावण्याआधी मान वर करा. वाळलेलं, साल गळालेलं झाड किंवा अर्धवट तुटून लोंबणारी फांदी वर असेल तर तिथे झोपायचं नाही, जागा कितीही सपाट असो.

शेकोटी पेटवायची का, हे त्या दिवशीचा आदेश बघून ठरवा. मे-जूनमध्ये जंगल पेटायला काडीचा उशीर असतो, तेव्हा निर्बंध बहुधा असतातच. पहिल्या टप्प्याचे असले की मुक्कामाच्या अशा जागी लाकूड आणि कोळसा दोन्ही बंद. नॉबने बंद होणारा गॅस चालतो. पोहे, पिठलं, चहा त्यावर होतं. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये तर साधा स्टोव्ह पेटवायलाही कॅम्पफायर परमिट लागतं, ते ऑनलाइन फुकट मिळतं. शेकोटी केलीच तर पाणी ओतायचं, ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि राखेत हात घालून गार लागली तरच उठायचं.

संडासाला सत्तर पावलं लांब, वाटेपासूनही आणि टेंटपासूनही. खुरप्याने पाऊण वीत खड्डा, नंतर माती लोटायची. टॉयलेट पेपर पुरायचा नाही, जनावरं तो उकरून काढतात. पिशवीत घालून परत आणायचा. इथे आपलं एक बरं आहे. तांब्या घेऊन गेलं की पेपरचा प्रश्नच मिटतो.

खाण्याचं सामान रात्री गाडीत ठेवायचं, काचा वर करून. कावळ्याचे इथले थोरले भाऊबंद बाहेर विसरलेली चिवड्याची पिशवी दोन मिनिटांत फाडतात. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या डोंगरांत जाणार असाल तर गाडीवरही भरवसा नको, तिथलं अस्वल दार उचकटतं. तिथे बऱ्याच भागांत कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला न उघडणारा डबा, लागतो. शिकारीच्या मोसमात, शरद ऋतूत, सगळ्यांनी अंगात भडक केशरी काही तरी घालावं.

निघायच्या आधी जागेभोवती एक चक्कर मारून कचरा उचला, दुसऱ्याचा असला तरी. आणि गाडीत बसलात की चार ओळी लिहून ठेवा: रस्त्याचा नंबर, डांबर सोडल्यावर किती मैलांवर, महिना, आदल्या दोन दिवसांत पाऊस होता की नव्हता, आणि गाडी कुठली होती. माझ्याकडे अशी एक मळकी वही आहे. त्यातल्या पहिल्या पानावर नंबर लिहिलेला नाही, कारण त्या रस्त्याला नंबरच नव्हता. फक्त टो ट्रकवाल्याची पावती चिकटवलेली आहे.