अमेरिकेत शिकताय? पहिला टॅक्स रिटर्न असा भरा

नागपूरकराला आयआरएस म्हटलं की छिंदवाडा रोडवरची प्रत्यक्ष कर अकादमी आठवते. आपल्या आयकर खात्याचे अधिकारी, म्हणजे इंडियन रेव्हेन्यू सर्व्हिसवाले, तिथे घडतात. अमेरिकेत त्या खात्याचंच नाव आयआरएस. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या पोराने त्याला दरवर्षी कागद पाठवायचाच असतो, कमाई शून्य असली तरी. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

आधी तारखेचा घोळ मिटवू. बाबा धंतोलीतल्या सीएला विचारून फोन करतात, ‘अरे, ३१ जुलैपर्यंत वेळ आहे.’ ती आपल्याकडची तारीख. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. पगार असेल तर मुदत पुढच्या वर्षीच्या १५ एप्रिलची, काहीच कमाई नसेल तर १५ जूनची.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तुम्ही करापुरते रहिवासी की अनिवासी? एफ-१ वरचा विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं अनिवासी असतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये उतरलात तर ते चार-पाच महिनेसुद्धा अख्खं वर्ष धरतात, म्हणजे २०२६ हे पाचवं. अनिवासी विद्यार्थ्याने फॉर्म ८८४३ भरायचा, म्हणजे विद्यार्थी म्हणून आपण अनिवासी आहोत हे लिहून द्यायचं. कमाई नसेल तर तो एकटाच टपालाने जातो आणि त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरी-करासाठीचा तिथला सरकारी क्रमांक) लागत नाही.

कमाई असेल तर फॉर्म १०४०-एनआर, म्हणजे अनिवासीचा (नॉन-रेसिडेंट) टॅक्स रिटर्न, आणि ८८४३ त्यालाच जोडायचा. शेवटचं ‘एनआर’ विसरू नका. मी रूममेटच्या सांगण्यावरून फुकटच्या सॉफ्टवेअरवर रहिवाशांचा साधा १०४० भरला. दहा मिनिटांत काम झालं म्हणून खूश होतो. नंतर दुरुस्तीचा फॉर्म १०४०-एक्स भरून ते निस्तरायला दोन रविवार गेले. अमेरिकन वर्गमित्र शिक्षणाच्या करसवलतीतून पैसे परत मिळवतात. कॉलेज तुम्हालाही १०९८-टी हा फीचा दाखला पाठवतं, पण अनिवासीला ती सवलत नाही. आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. बरीच कॉलेजं अनिवासींसाठीचं सॉफ्टवेअर स्वतःच्या खर्चाने देतात.

कागद जमवा. कॅम्पसवरच्या नोकरीचा डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला), स्कॉलरशिपचा करपात्र भाग असेल तर त्याचा दाखला १०४२-एस, पासपोर्ट, आय-२० (व्हिसासाठी कॉलेजने दिलेला कागद) आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची सरकारी नोंद) वरच्या येण्याजाण्याच्या तारखा. पदवीसाठी शिकत असाल तर फी आणि पुस्तकांपुरत्या स्कॉलरशिपवर कर नाही. राहण्या-जेवण्यासाठी मिळालेल्या रकमेवर असतो. आजीने तुमच्या नावावर नागपुरात केलेल्या एफडीचं व्याज या फॉर्मात दाखवायचं नाही. अनिवासीला अमेरिकेबाहेरच्या अशा उत्पन्नाशी तिथे देणंघेणं नाही.

इथे एक गंमत फक्त आपल्यासाठी आहे. बाकी बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे कमाईतून मिळणारी ठरावीक सरसकट वजावट, मिळत नाही. भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्याला मिळतं. अविवाहितासाठी २०२४ च्या कमाईवर ते १४,६०० डॉलर होतं, २०२५ साठी १५,७५०. तासाच्या हिशोबाने लायब्ररीत काम करणाऱ्याची कमाई बहुधा त्यातच बसते, आणि पगारातून कापलेला फेडरल (केंद्र सरकारचा) टॅक्स परत येतो. करारानुसार वजावट घेतोय, ही नोंद फॉर्मात करावी लागते.

पगाराच्या पावतीवर सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्यविमा) मिळून ७.६५ टक्के कापलेले दिसले तर चिडा! अनिवासी एफ-१ विद्यार्थ्याला परवानगी असलेल्या नोकरीवर ही कपात लागू नसते. आधी पगार देणाऱ्याकडे मागा. त्याने दाद दिली नाही तर फॉर्म ८४३ भरून आयआरएसकडे परतावा मागा.

राज्याचा रिटर्न वेगळा. टेक्सास, फ्लोरिडात पगारावर राज्याचा कर नाही, सुटलात. कॅलिफोर्निया मात्र आपला करकरार मानत नाही, तिथे हिशोब नव्याने मांडावा लागतो.

टपालाने पाठवत असाल तर सही करा (ही विसरणारे कमी नाहीत), सगळ्याची प्रत काढा आणि पोस्टाची पावती प्रतीलाच टाचून ठेवा. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी वकील जुने रिटर्न मागू शकतो, म्हणून रूम बदलताना ती फाइल रद्दीत जाऊ देऊ नका.