‘तसलं काही विचारू नका, बाई’: पालक-शिक्षकांनो, या चुका टाळा

शाळेत समुपदेशक म्हणून अठरा वर्षं काढली. मूल गप्प-गप्प असलं की पालक येतात आणि हमखास बजावतात, "मरणाबिरणाचं विचारू नका हं बाई, नसतं खूळ डोक्यात शिरेल."

शिरत नाही. सरळ विचारल्याने कुणाच्या डोक्यात आत्महत्येचा विचार येत नाही. आधीच असलेला बोलायला मात्र वाट मिळते.

नववीतला एक मुलगा. दोन महिने मैदानावर फिरकला नव्हता, डबा तसाच परत न्यायचा. एका सोमवारी त्याने जिवापाड जपलेली बॅट मित्राला देऊन टाकली. वर्गशिक्षकांनी भर वर्गात कौतुक केलं. आईही खूश: "आता बराच शांत झालाय." ही अचानक आलेली शांतताच मला खटकली. त्याला बाजूला बसवून विचारलं, "मरून जावं असं वाटतं का रे?" तो बराच वेळ घड्याळाचा पट्टा उघडत-लावत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं?" काही ठरवलंयस का, हेही विचारलं. ठरवलं होतं. वडिलांना फोन केला, तर म्हणे, "दुकानात गर्दी आहे, उद्या येऊ का?" नाही! ते येईपर्यंत तो माझ्यासमोर बसला होता, आणि संध्याकाळी आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे होतो.

"नुसती नाटकं आहेत" हे तर बोलूच नका. ज्याने एकदा प्रयत्न केलाय, त्याला धोका सगळ्यात जास्त.

पोलीस केसच्या भीतीने डॉक्टरांपासून लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही.

घरातली औषधं, शेतावरची फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली स्वतःच्या कमरेला. "आमचा समजूतदार आहे" हे मला सांगू नका. ती ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसावं.

दहावीत नापास? त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. हे निकालाच्या आधी सांगा, नंतर नाही.

"दोन सेशनमध्ये नीट करा" म्हणणाऱ्यांनी मिक्सर दुरुस्तीला न्यावा.

रात्री-अपरात्री काही सुचेना तर १४४१६, टेलि-मानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जिवाला आत्ताच धोका असेल तर ११२. मुलाला एकटं सोडू नका.

आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. नवे समुपदेशक विश्वास मिळवायच्या घाईत हेच करतात. मीही केलंय. अकरावीतल्या मुलीला शब्द दिला, रात्रभर डोळा लागला नाही, सकाळी तिच्या आईला सगळं सांगितलं. आता मी आधीच सांगते: तुझ्या जिवाचा प्रश्न आला तर मी गप्प बसणार नाही. त्या मुलीवर उपचार सुरू झाले, पण ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही. जिन्यात दिसले की मान फिरवायची. फिरवू दे.