कयामतीची क्लिप आली की आधी वही उघडा

रात्री साडेअकराला भाच्याने क्लिप पाठवली. काळे झेंडे, दौडणारे घोडे, घुमणारा आवाज आणि खाली अक्षरं: ‘खुरासानहून निघालेत.’ म्हणजे कयामतीआधी, जगाच्या अंताआधी, खुरासानातून (जुन्या पूर्व इराण-अफगाणिस्तान पट्ट्यातून) काळ्या झेंड्यांचं सैन्य येणार, त्याचीच ही बातमी. सोबत त्याचा प्रश्न, ‘मामू, ही हदीस (पैगंबरांच्या वचनाची नोंद) खरी आहे का?’ माझं आयुष्य अरबी शिकवण्यात गेलं, त्यामुळे घरातले असे प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. हो किंवा नाही असं काहीच न लिहिता ‘उद्या वही घेऊन ये’ एवढंच कळवलं. त्या वहीत मी त्याला चार रकाने आखायला लावले.

पहिल्या रकान्यात मजकूर कुठून आला ते लिहायचं. ‘हदीसमध्ये आलंय’ हे उत्तर चालणार नाही. कुठला संग्रह, कुठलं प्रकरण, रावी (ती सांगणारा) कोण, आणि पुढेमागे काय आहे? महदी (शेवटच्या काळात येणारा मार्गदर्शक) आणि दज्जाल (त्या काळातला महाठक) ही नावं कुरआनात येत नाहीत, त्यांचा तपशील हदीसच्या संग्रहांतून येतो. कयामत कधी, याबद्दल मात्र कुरआन स्पष्ट बोलतं: ते ज्ञान फक्त अल्लाहकडे आहे (सूरह आराफ, आयत 187). जिब्रील या फरिश्त्याने हाच प्रश्न पैगंबरांना विचारला, तेव्हा ‘ज्याला विचारलंय त्याला विचारणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक नाही’ असं उत्तर मिळालं. शिया परंपरेतही ‘वेळ ठरवून सांगणारे खोटे’ हे वचन इमामांच्या नावे आहे. तेव्हा कुणी साल सांगू लागला की तिथेच पेन खाली ठेवावं.

दुसरा रकाना वजनाचा. सहीह (पक्की), हसन (चांगली), जईफ (कमजोर) आणि मनघडंत या प्रतवाऱ्या मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसच्या अभ्यासकांनी, मुख्यतः सनद (सांगणाऱ्यांची साखळी) तपासून ठरवल्या आहेत. भविष्यातल्या युद्धांच्या कथांबद्दल ते फार सावध असत. 843 साली वारलेल्या नुऐम बिन हम्माद यांचं ‘किताबुल फितन’ (फितन म्हणजे शेवटच्या काळातली संकटं) अशा कथांनी भरलेलं आहे आणि क्लिपवाल्यांचं ते आवडतं कोठार आहे, पण त्यातल्या पुष्कळ मजकुरावर मुहद्दिसांनी बोट ठेवलंय. इतिहासकार इब्न खल्दून यांनी तर ‘मुकद्दिमा’मध्ये महदीविषयीच्या रिवायती (सनदीसह सांगितलेली कथनं) एकेक घेऊन त्यांच्या सनदी तपासल्या. ते साल होतं 1377.

इथे माझी एक फजिती सांगतो. एका छोट्या बैठकीत मी तोऱ्यात म्हणालो, ‘दाबिकची हदीस इसिसवाल्यांनी रचली.’ सीरियातल्या दाबिक गावाजवळ रोमनांशी मोठी लढाई होईल असं ती सांगते, आणि इसिस या अतिरेकी संघटनेने ती खूप वापरली. मागून एक वयस्क गृहस्थ उठले, सहीह मुस्लिम हा हदीसचा प्रमाण संग्रह उघडून त्यांनी ती माझ्यासमोर धरली. अबू हुरैरांची रिवायत, फितनांच्या प्रकरणातली. मी चूप. अतिरेकी नेहमी खोटाच मजकूर वापरतात असं धरून चालू नका. पुष्कळदा मजकूर पक्का असतो, त्याच्यावर चढवलेला अर्थ मात्र त्यांचा असतो. आणि आपण एकदा उघडे पडलो की समोरच्या पोराचा आपल्यावरचा विश्वास गेलाच.

म्हणून तिसरा रकाना मी सगळ्यात रुंद आखतो: हा मजकूर आधी कुणी, कधी वापरला? दाबिकच्या हदीसमध्ये रोमन (तेव्हाचे बायझंटाईन) सैन्य येतं आणि पुढे कॉन्स्टँटिनोपल जिंकलं जातं. उमय्या खलिफांच्या काळातल्या ऐकणाऱ्याला हे रोजच्या बातमीसारखं वाटलं असेल. बायझंटाईनांशी लढाया चालूच होत्या, 717-718 मध्ये त्या शहराला वेढाही पडला होता. पुढे 1453 मध्ये तुर्कांनी ते जिंकलं, पण दज्जाल काही आला नाही. इसिसने 2014 मध्ये उत्तर सीरियातलं दाबिक हे लष्करीदृष्ट्या किरकोळ गाव घेतलं, आणि त्याच वर्षी आपल्या मासिकालाही त्याचंच नाव दिलं. ऑक्टोबर 2016 मध्ये गाव हातचं गेलं. जिंकणारे रोमन नव्हते, तुर्कस्तानचा पाठिंबा असलेले सीरियन बंडखोर होते. मासिकाचं नाव त्याआधीच ‘रुमिया’ (म्हणजे रोम) झालं होतं.

खुरासानच्या काळ्या झेंड्यांची गोष्ट तर आणखी जुनी. बंडखोर सेनानी अबू मुस्लिमने 747 मध्ये खुरासानातल्या मर्वच्या परिसरात काळे झेंडे उभारले, त्या बंडातून अब्बासी सत्तेवर आले आणि त्यांच्या तिसऱ्या खलिफाने ‘अल-महदी’ हीच पदवी घेतली. या झेंड्यांच्या रिवायतींकडे अभ्यासक संशयाने बघतात ते उगीच नाही.

‘गजवा-ए-हिंद’बद्दल (हिंदवरच्या लढाईच्या भाकिताबद्दल) सगळेच विचारतात. या रिवायती नसाई आणि मुसनद अहमद या संग्रहांत आहेत, बुखारी आणि मुस्लिममध्ये नाहीत. अबू हुरैरांच्या नावची सनद अनेकांनी कमजोर ठरवली, सौबान यांची काहींनी मान्य केली. या भाकिताचा रोख जुन्या काळातल्या मोहिमांवर होता आणि तो विषय तिथेच संपला, असं मानणारे आलिम आहेत. आजच्या देशांच्या सीमा, सैन्य, निवडणुका यांतलं काहीही त्या वाक्यांत नाही. ते भरणारे दोन्ही बाजूंना बसलेत, काही भरती करायला आणि काही भीती विकायला.

चौथा रकाना: ऐकणाऱ्याने आता काय करावं असं सांगतात? हा कळण्यासाठी 1979ची मक्का बघा. 20 नोव्हेंबर म्हणजे हिजरी 1400ची पहिली मोहरम. जुहैमान अल-ओतैबी आणि त्याच्या हत्यारबंद साथीदारांनी हरम शरीफचा (काबागृहाभोवतालच्या मशिदीचा) ताबा घेतला आणि मुहम्मद बिन अब्दुल्लाह अल-कहतानी महदी असल्याचं जाहीर केलं. महदीचं आणि त्याच्या वडिलांचं नाव पैगंबरांसारखं असेल, अशी रिवायत अबू दाऊद या संग्रहात आहे. कहतानीचं नाव जुळत होतं. काबागृहाजवळ बैअत (निष्ठेची शपथ) होईल असं आलंय, म्हणून यांनी तिथेच बैअत घेतली. चालून येणारं सैन्य जमीन गिळेल असंही आलंय. जमिनीने काही गिळलं नाही, कहतानी मारला गेला, तरी वेढा दोन आठवडे चालला.

मी भाच्याला विचारलं, यात चूक कुठे झाली? तो म्हणाला, ‘खुणा त्यांनी स्वतःच पूर्ण केल्या.’ पोरगं हुशार आहे. हदीस सांगते की असं होईल. कुणी तरी कानात म्हणतो, तू ते घडवून आण. ही उडी हदीसमध्ये नसते, तिच्यावर लाल शाईने खूण करा.

खुणा जुळवण्याची घाई साहाबांच्या (पैगंबरांच्या सोबत्यांच्या) काळातही होती. एकजण कयामतीची खूण मानलेल्या धुराचं भीतिदायक वर्णन करत होता. ते कानी येताच अब्दुल्लाह बिन मसऊद रागावून उठून बसले. ठाऊक असेल त्यानेच बोलावं, नसेल त्याने ‘अल्लाह जाणे’ म्हणावं, असं म्हणून त्यांनी तो धूर कुरैशांच्या दुष्काळात होऊन गेल्याचं सांगितलं. हे बुखारीत आहे. इतरांनी धूर पुढे यायचा आहे असंच मानलं.

कयामतीवर बोलणारा दिसला की त्याला अतिरेकी समजू नका, हेही सांगायला हवं. प्यू संस्थेच्या 2012च्या पाहणीत, हा प्रश्न विचारलेल्या 23 पैकी 9 देशांत निम्मे किंवा त्याहून जास्त मुसलमान म्हणाले की महदी आपल्या हयातीत येतील. त्यातले बहुतेक जण दुसऱ्या दिवशी उठून कामाला गेले असतील. कयामत आली आणि हातात रोपटं असेल तर ते लावून टाका, ही हदीसही मुसनद अहमदमधलीच, पण तिच्यावर घोडे दौडवता येत नाहीत.

मुलाची थट्टा मात्र करू नका, फोनही हिसकावू नका. आम्ही ती क्लिप आवाज बंद करून पुन्हा शेवटपर्यंत पाहिली. शेवटी दोन सेकंद एका खासगी ग्रुपची लिंक झळकली. भाच्याने ती आधी पाहिलीच नव्हती. चौथ्या रकान्यात त्याने लिहिलं, ‘ग्रुपमध्ये या, घरी सांगू नका.’ मग ‘घरी सांगू नका’च्या खाली त्याने दोनदा रेघ मारली आणि पहिला रकाना भरायला माझ्याकडे अबू दाऊद मागितलं.