फायबरच्या होडीला ठिगळ लावताना या चुका टाळा

मे संपत आला की आमच्या परड्यात होड्या यायला लागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी वर ओढलेली, घरात माणसं मोकळी. मग "तळाचं काम तेवढं उरकून टाकू" असं प्रत्येकाला वाटतं. पण होडी रिकामी असते नेमक्या त्याच दिवसांत कोकणातली हवा सगळ्यात ओली असते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडची जी ठिगळं सुटून माझ्याकडे परत आली, ती बहुतेक याच दोन महिन्यांत घाईनं मारलेली होती. घरच्या घरी फायबरचं काम करू नका असं मी म्हणत नाही. जरूर करा. फक्त खालच्या चुका वर्षानुवर्षं बघून जीव कंटाळलाय, म्हणून लिहितो.

ओल्या तळावर ठिगळ

माझ्या आतेभावाची वीस फुटी फायबर होडी मेच्या शेवटी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकावर घासली. तळाला वीतभर चीर गेली. जुलैच्या मध्यावर तीन दिवस धो धो पडून चौथ्या दिवशी ऊन आलं आणि हा दारात उभा. "पावस थांबलो हा, आजच लावूया. नारळी पुनवेक माका होडी व्हयी." मी तळावरून हात फिरवला. कोरडा लागला. तोही म्हणाला, "हात लावन बघ, सुकली हा." मी ऐकलं. फायबरचे तीन थर चढवले, वर जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत लेप, मारला. दिसायला ठिगळ सुरेख झालं होतं.

पाण्यात उतरवल्यावर पंधराव्या दिवशी तळाशी पाणी साचायला लागलं. होडी पुन्हा वर घेतली. ठिगळाच्या कडेखाली स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून जरा उचकटलं, तर तव्यावरून भाकरी सुटावी तसं अख्खं ठिगळ हातात आलं. त्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. ही खूण लक्षात ठेवा. ठिगळ नीट धरलेलं असेल तर ते असं सुटत नाही. ओढून काढलं तरी जुन्या तळाचे धागे तुटून त्याला चिकटून येतात. गुळगुळीत पाठ म्हणजे त्यानं एक दिवससुद्धा पकड घेतली नव्हती.

हाताला वरचा भाग कोरडा लागतो, पण चिरेतून आत शिरलेलं पाणी धाग्यांच्या कडेकडेनं लांबवर पसरलेलं असतं. शिवाय त्याच्यात मीठ. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे नुसत्या उन्हात ठेवून खारा तळ पावसाळ्यात पुरता सुकतच नाही. "पावसानं मीठ धुऊन जातं" हे वरच्या बाजूपुरतं खरं. आतल्या फळ्यांखाली जे मीठ, डिझेल आणि माशांचं तेल मुरलेलं असतं, तिथे पाऊस पोचत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आधी चीर मोकळी करायची. मग आतून-बाहेरून गोड्या पाण्यानं तीन वेळा, एकेक दिवस सोडून, धुवायचं. वर ताडपत्री बांधायची, पण दोन्ही टोकं उघडी ठेवायची, म्हणजे वारा खेळतो. घट्ट गुंडाळलेल्या होडीला आतून घाम सुटतो. मग पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर चौकोनी तुकडा तळावर चारही कडांनी टेपनं चिकटवून एक रात्र ठेवायचा. सकाळी आतून थेंब दिसले की टेप काढायची, तळ पुसायचा आणि आणखी चार दिवस थांबायचं. एकदा मी असा बावीस दिवस थांबलो. मालक रोज येऊन तोंड वाकडं करून जायचा. ते ठिगळ आजही जागेवर आहे.

नारळी पौर्णिमेआधी होडी हवीच असेल तर काम एप्रिलमध्ये काढा. एप्रिलमध्ये धंदा सोडवत नाही हे मलाही कळतं. पण जुलैच्या ओल्या ठिगळावर भरवसा ठेवून माणसं समुद्रात पाठवायची, हे मला पटत नाही.

पोस्टाच्या तिकिटाएवढं ठिगळ

दुसरी चूक इतकीच जुनी. भोक तळहाताएवढं, म्हणून मॅटही (काचेच्या धाग्यांची चादर) तळहातापेक्षा बोटभर मोठी कापायची आणि रंगावरच चिकटवायची. मॅट भिजवायचं रेझिन (वाळून कडक होणारं चिकट द्रव) रंगाला चिकटतं आणि रंग होडीला जेमतेम चिकटलेला असतो. पहिल्या लाटेच्या हापट्याला तो सुटतो.

नवं फायबर जुन्याला धरतं ते घासलेल्या उताराच्या जोरावर. तळाच्या जाडीच्या बारा पट उतार, हा हिशेब मी धरतो. तळ ६ मिमी असेल तर भोकाच्या कडेपासून चारही बाजूंना ७० ते ७५ मिमी. म्हणजे तळहाताएवढं भोक घासून झालं की परातीएवढं दिसतं. नवशिका इथेच घाबरतो आणि ग्राइंडर बंद करतो. घाबरू नका. ४० नंबरची चकती लावा आणि कडेला एकामागून एक जुने थर पाण्यातल्या वलयांसारखे दिसायला लागेपर्यंत घासा. चकाकी कुठेच राहता कामा नये.

घासण्याआधी भोकाच्या भोवताली लहान हातोडीनं किंवा नाण्यानं ठोकत जा. चांगला तळ खणखणीत वाजतो. थर सुटले असतील तिथे बद्द आवाज येतो. बद्द वाजेल तेवढ्या भागावर खडूनं रेघ मारा आणि तो सगळा काढा. आतेभावाच्या होडीची चीर वीतभर होती, बद्द आवाज मात्र दीड हातापर्यंत गेला होता. पहिल्या खेपेला मी ठोकून बघितलंच नव्हतं.

आणि घासण्याच्या आधी अ‍ॅसिटोननं पुसा, नंतर नव्हे. तेलकट तळावर ग्राइंडर फिरवला की तेल धाग्यांत रगडलं जातं. मग ते निघत नाही.

थर लावताना सगळ्यात मोठी मॅट आधी, मग लहान लहान. उलटं लावणारे चांगले कारागीर आहेत आणि त्यांचीही कामं टिकतात. पण शेवटी वरून घासताना लहान तुकड्यांच्या कडा कापल्या गेल्या तरी तळाला धरणारा मोठा थर अख्खा राहतो, म्हणून मी माझ्या पद्धतीवर आहे. साडेचारशेच्या (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅटचा एक थर वाळून साधारण १ मिमी भरतो, त्यावरून किती थर लागतील ते आधीच मोजा आणि सगळे तुकडे कापून क्रमानं मांडून ठेवा. रोविंग (जाड धाग्यांचं विणलेलं काचकापड) वापरणार असाल तर ती कधीही थेट जुन्या तळावर लावू नका, मध्ये मॅट हवीच. एका दमात तीनपेक्षा जास्त थर नकोत. पांढरेपणा जाऊन मॅट पारदर्शक होईपर्यंत रोलर फिरवा. पांढरा ठिपका राहिला म्हणजे आत हवा राहिली.

हार्डनर अंदाजानं

"झाकणभर घाला" हे ज्यानं पहिल्यांदा सांगितलं त्यानं अनेकांचं रेझिन वाया घालवलं. रेझिन आवळून घट्ट करणारा हार्डनर १ किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम, एवढंच. मी मेच्या उन्हात १० ते १२ आणि पावसाळी गारव्यात १८ पर्यंत जातो, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यासारख्या लहान वजनकाट्यावर मोजूनच घालतो. एकदा एका शेजारच्या मुलानं मेच्या दुपारी दोन किलो रेझिन एकदम बादलीत कालवलं. पहिली मॅट भिजते न भिजते तोच बादलीतून धूर यायला लागला आणि बादलीचा तळ वितळून वाळूत बसला. खोल भांड्यात रेझिनची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून ते आणखी तापतं आणि आणखी लवकर आवळतं. पसरट भांड्यात पाव पाव किलो कालवा.

कमी हार्डनर घालून रेझिन चिकटच राहिलं, तर वरून हार्डनर चोपडून ते बरं होत नाही. सगळं खरवडून पुन्हा लावा. दुसरा उपाय मला माहीत नाही.

कोबाल्ट (रेझिन लवकर आवळावं म्हणून घालायचं द्रव) वेगळं मिळत असेल तर हे पाठ करा: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही. आग लागते, स्फोटही होतो. आधी जांभळं कोबाल्ट रेझिनमध्ये पुरतं ढवळा, नंतर पाण्यासारखा दिसणारा हार्डनर घाला. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवू नका, दोन्हींना एक चमचा वापरू नका. हार्डनर डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावा, आणि थेंब उडालाच तर लगेच किमान पंधरा मिनिटं डोळा पाण्याखाली धरून तसेच दवाखाना गाठा.

एमसील, म्हणजे हातानं मळून भोकात भरायचा तयार मसाला. बंदरात गळती लागली, घरापर्यंत पोचायचंय, तर जरूर लावा. पण तो एपॉक्सी, म्हणजे वेगळ्या जातीचं रेझिन, आहे आणि साधं पॉलिएस्टर रेझिन त्याच्यावर नीट धरत नाही. घरी आल्यावर त्याचा कण न् कण घासून काढा. आतेभावाच्या चिरेत आदल्या वर्षीचा एमसील होता, तोही मी अर्धवटच काढला होता.

पुट्टी भरून वरून रंग मारणं ही दुरुस्ती नव्हे. पुट्टीत धागा नसतो, त्यामुळे ताण पडला की ती तडकते.

जेलकोट दोन दिवसांनीही बोटाला चिकटतो अशी तक्रार फार येते. हवा लागलेला पृष्ठभाग नीट आवळत नाही. शेवटच्या हातात मेण घातलेला जेलकोट वापरा किंवा वरून प्लॅस्टिक सपाट दाबून चिकटवा. मेणाचा हात मारल्यावर पुन्हा थर द्यायचा झाला तर आधी घासावं लागतं.

घासताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क आणि चष्मा. काम संपल्यावर गार पाण्यानं अंघोळ. बारीक पोरांना आणि वाळत घातलेल्या मासळीला त्या धुळीपासून लांब ठेवा.

काम झाल्यावर निदान आठवडाभर होडी सावलीत पडू दे. मग ढकला, पण पहिल्या दिवशी किनाऱ्याला धरूनच राहा. ठिगळाची आतली बाजू फडक्यानं कोरडी करून तिच्यावर खडूची भुकटी पसरा आणि तासाभरानं टॉर्च मारून बघा. पाणी येत असेल तर पांढऱ्या भुकटीत काळपट ओला डाग उमटतो. डाग दिसला तर त्याच भरतीला होडी परत वर घ्या.